महिधरपुऱ्यातील एक दुपार

नवापूर रेल्वे स्थानकाच्या फलाटावर एक बाक आहे. त्याच्या एका अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर गुजरात असे रंगवलेले आहे. दोन राज्यांची सीमा या स्थानकाच्या मधूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत; गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून होते. जळगावहून सुरतेला जाताना हे स्थानक मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. गेल्या जानेवारीत धाकटी लेक बरोबर होती. गाडी थांबली तेव्हा तिने खिडकीतून तो बाक पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, ही माझी जागा. ना धड इकडे, ना धड तिकडे." मी हसलो. ती हसली नव्हती.

तिचे काम काय ते आधी सांगितले पाहिजे, कारण आमच्या नात्यागोत्यात अजूनही ते कोणाला नीट सांगता येत नाही. ती दागिन्यांचे आराखडे करते. पूर्वी ही चित्रे कागदावर रंगवीत; आता अंगठी किंवा पेंडंट संगणकाच्या पडद्यावर असे घडवतात की ते सर्व बाजूंनी फिरवून पाहता यावे. खड्याचे घर किती रुंद, त्याला धरणारी पकड किती जाड, सोने किती ग्रॅम लागेल, हे सर्व तेथेच ठरते. ती फाइल कारखान्यात पोहोचली की यंत्र तिच्यावरून मेणाचा नमुना काढते, मेणाभोवती साचा तयार होतो, मेण वितळून बाहेर पडते आणि त्याच्या जागी सोने ओततात. मुंबईच्या एका कारखान्यात तिने पाच वर्षे हे काम पगारावर केले. २०२० च्या टाळेबंदीत तेथील माणसे कमी झाली, ती जळगावला परतली आणि गच्चीवरच्या खोलीत संगणक मांडून स्वतंत्रपणे, म्हणजे हल्ली ज्याला फ्रीलान्स म्हणतात त्या पद्धतीने, काम करू लागली. सुरत, जयपूर, मुंबई येथील सराफ तिचे ग्राहक. दोन तर परदेशातले. त्यांतल्या बहुतेकांचा चेहरा तिने कधी पाहिलेला नव्हता.

पैसे बरे मिळत होते. परंतु घरात, शेजारात आणि स्थानकातल्या बायकांत तिची ओळख एकच: 'ती घरीच असते.' त्यामुळे शेजारच्यांचे पार्सल घ्यायला ती, गॅसवाल्यासाठी दार उघडायला ती, आजीला दवाखान्यात न्यायला ती. नोकरीवर जाणाऱ्या सुनेला कोणी दुपारी तीन वाजता पापड लाटायला बोलावत नाही, हिला बोलावीत. मीही याला अपवाद नव्हतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर माझी पेन्शनची कागदपत्रे, मोबाइलची दुरुस्ती, सगळे तिच्याच वाट्याला येत असे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास सुरतेच्या एका व्यापाऱ्याने तिची तीन महिन्यांची बिले थकवली आणि मग फोन उचलणेच बंद केले. रक्कम लाखाच्या वर होती. आम्हाला हे दोन महिन्यांनी कळले; तेही तिच्या आईला रात्री दोन वाजता गच्चीवरचा दिवा चालू दिसला म्हणून. पडलेली भर काढण्यासाठी ती दुप्पट काम घेऊन बसली होती. मी आयुष्यभर थकीत कर्जांच्या याद्या केल्या, वसुलीसाठी शेतांच्या बांधांवर उभा राहिलो, आणि माझ्याच घरातले थकीत खाते मला ठाऊक नव्हते. 'आम्हाला सांगितले का नाहीस?' या प्रश्नाला ती म्हणाली, "काय सांगू? तुम्ही म्हणाला असता, म्हणून नोकरी बरी." तिचे बरोबर होते. मी खरोखर तेच म्हणालो असतो. आणि कळल्यानंतर तेच म्हटले. एका पतसंस्थेत जागा निघाली होती. तिचा अर्ज मी स्वतः भरला, फक्त सहीची जागा कोरी ठेवली, आणि सुरतेच्या प्रवासात तो पिशवीत घेऊन निघालो.

सुरतेला जाण्याचे निमित्त एका मैत्रिणीचे. हेच काम करणारी ती मुलगी. चार वर्षांची ओळख, पण सारी फोनवरची. "तू ये, त्या माणसाबद्दल इथे विचारू, आणि आम्हाला भेट," असे तिने सांगितले होते. 'एकटी कशाला जातेस' म्हणून मी बरोबर गेलो. खरे कारण पिशवीत होते.

मुक्काम गोपीपुऱ्यात एका धर्मशाळेत केला. गोपीपुरा ही सुरतेची जुनी जैन वस्ती. अरुंद गल्ल्या आणि पावलोपावली देरासरे. सतराव्या शतकात इंग्रजांची वखार ज्यांच्याकडून कर्ज काढीत असे ते वीरजी व्होरा याच शहरातले जैन शेठ. बँकेच्या माणसाला हे वाचताना गुदगुल्या होतात. सकाळी आम्ही आगम मंदिर पाहिले. पंचेचाळीस आगम तेथे ताम्रपत्रांवर कोरून भिंतींवर बसवले आहेत. आम्ही स्थानकवासी, बत्तीस आगम मानणारे आणि मंदिरात क्वचित जाणारे. तरी त्या तांब्याच्या ओळींपुढे आपोआप आवाज खाली येतो. एका बाजूला फलकावर साधर्मिक भक्तीसाठी आलेल्या देणग्या लिहिल्या होत्या: औषधोपचार, शालेय फी, धान्य. लेक तो फलक बराच वेळ वाचत होती. तिच्या मनात काय होते ते मी विचारले नाही, पण माझ्या मनात आले ते लिहितो. आमच्या संघाच्या समितीत मी कोषाध्यक्ष होतो. विधवा भगिनी, आजारी वृद्ध, हुशार गरीब मुलगा यांच्यासाठी आमच्याकडे रकाने होते. जिचे पोट भरलेले आहे, जिच्या हाताला काम आहे, पण जिला दिवसभरात आपल्या कामाविषयी एक शब्द बोलायला माणूस नाही, तिच्यासाठी रकाना नव्हता.

धर्मशाळेच्या मुनीमजींनी आम्हाला त्यांच्या परिचयाच्या एका दलालांचा निरोप दिला. दुपारी दीडच्या सुमारास आम्ही महिधरपुऱ्यात पोहोचलो.

सुरतेचा हिरेबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्या डोळ्यांसमोर काचेची दालने आणि बंदूकधारी पहारेकरी येत असतील. जगात विकल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी दहातले सुमारे नऊ नग या शहरात पैलू पाडून निघतात, त्यामुळे तशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे. महिधरपुऱ्यात प्रत्यक्षात दिसते ती माणसांनी भरलेली साधी गल्ली. सकाळी ती रिकामी असते. दुपारपासून भरू लागते. दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, आणि स्कूटरच्या सीटवर, दुकानाच्या पायरीवर, ओट्यावर माणसे बसलेली. कोणाच्या हातात भिंग, कोणाच्या हातात चिमटा. सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेली कागदाची पुडी निघते, जिला तिकडे 'पडीकुं' म्हणतात. ती तळहातावर उघडते आणि आत तांदळाच्या कणीसारखे हिरे. पाहणारा भिंग डोळ्याला लावतो, सावलीच्या बाजूला वळतो, मान हलवतो, पुडी पुन्हा मिटते. शेजारून सायकल जाते, चहाचा पोऱ्या 'बाजू, बाजू' करीत जातो. आपल्या पायाशी काही सांडले तर काय, या भीतीने मी पहिली पाच मिनिटे जागचा हललोच नाही.

दलाल पालनपूरकडचे, वय पंचाहत्तरीच्या आसपास, पांढरा सदरा, पायात साध्या चपला. लेक त्यांना लगेच काका म्हणू लागली. ते गुजरातीत बोलत, आम्ही मराठी-हिंदीत. मी विचारले, "आपले ऑफिस?" त्यांनी स्कूटरच्या सीटवर थाप मारली. "पन्नास वर्षे. आधी सायकल होती."

या माणसांना कोणाचा पगार नाही, नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. माल त्यांचा नाही, गिऱ्हाईक त्यांचे नाही. व्यापाऱ्याकडून माल 'जांगड' घ्यायचा, म्हणजे पसंतीसाठी, विकला तर पैसे नाही तर माल परत, अशा बोलीने. त्याची एक चिठ्ठी होते. मग तो गल्लीत दाखवायचा. घेणाऱ्याने भाव सांगितला की पुडी चिकटवून त्यावर तो लिहायचा आणि मालकाचे उत्तर येईपर्यंत ती दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही. व्यवहार जमला तर थोडी दलाली. पैसे महिन्याने, दोन महिन्यांनी, कधी चारानेही. संध्याकाळी पुड्या परिसरातल्या सेफमध्ये ठेवून घरी. चोविहार पाळणारे त्याआधीच निघतात. प्रत्येक जण एकटा धंदा करतो, आणि तरी एकटा कोणीच नाही. हे कसे, असे लेकीने विचारले. तेव्हा काकांनी तिला एकामागून एक माणसे दाखवली.

"तो निळ्या शर्टातला. गेल्या वर्षी त्याचे ऑपरेशन झाले. दीड महिना त्याच्या पुड्या आम्ही चौघांनी फिरवल्या. दलाली त्याच्या घरी."

"तो पायरीवर बसलाय ना, त्याला भाव कळतो. नवा मुलगा आधी त्याला विचारतो, मग व्यापाऱ्याकडे जातो. फसत नाही."

"आणि मी दोन दिवस आलो नाही तर तिसऱ्या दिवशी हा समोरचा चहावाला घरी फोन करतो."

हरवलेली पुडी सापडली तर तोंडोतोंडी बातमी फिरते आणि माल मालकाकडे परत जातो. वाद झाला तर दोन्ही बाजूंना मान्य असलेली वडीलधारी माणसे बसवून तो मिटवतात. आणि एखादा पैसे न देता पळाला, ज्याला तेथे 'उठमणुं' म्हणतात, तर त्याचे नाव संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक होते. काका म्हणाले, "आमची बँक ही आहे," आणि मग माझ्याकडे पाहून थोडे ओशाळले, कारण मुनीमजींनी माझी ओळख सांगितली होती.

ओशाळण्याचे कारण त्यांना नव्हते, मला होते. नव्वदच्या दशकात खानदेशातल्या एका शाखेत मी कर्जविभागात होतो. मार्केट यार्डातला एक धान्यदलाल घरासाठी दीड लाख मागायला आला. पगारपत्रक नाही, ताळेबंद नाही, विवरणपत्र एकाच वर्षाचे. मी कागद परत केले. तो म्हणाला, "साहेब, बाजारात विचारा ना माझ्याबद्दल." मी नियम दाखवला. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो, आणि बाजार माझ्या शाखेपासून पायी दहा मिनिटांवर होता. मी विचारायला गेलो नाही. पुढे त्याचे घर व्यापाऱ्यांनी हातउसने देऊन उभे केले, वास्तुशांतीचे निमंत्रण मलाही आले, आणि मी काही कारण काढून गेलो नाही. तीस वर्षांनी स्कूटरच्या गर्दीत मला त्याचा चेहरा आठवला. घरी गच्चीवर बसलेल्या माझ्या लेकीकडेही मी त्याच टेबलामागून पाहत आलो होतो.

महिधरपुऱ्याचे सगळेच गोड आहे असे समजू नये. काका दुसऱ्या कोणाशी बोलत असताना लेक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, इथे एकही बाई नाही." मी पाहिले. आम्ही तेथे दीड-दोन तास होतो; तेवढ्या वेळात एकही स्त्री दलाल दिसली नाही. शिवाय येथे उभे राहायचे तर कोणाचा तरी पुतण्या, भाचा, गाववाला असावे लागते. नाव सांगणारा कोणी नसेल तर हीच गल्ली फार अरुंद होते. काकांना तिने तसे सरळ विचारलेही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "खरे आहे, बेटा. माझ्या मुलीला हिऱ्यातले माझ्या मुलापेक्षा जास्त कळते. ती घरी पारख करून देते. इथे येत नाही."

निघताना मी नव्या डायमंड बोर्सविषयी विचारले. खजोदला बांधलेली ती इमारत पंतप्रधानांच्या हस्ते १७ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली. नऊ मनोरे, सुमारे साडेचार हजार कार्यालये. क्षेत्रफळाने अमेरिकेच्या पेंटॅगॉनहून मोठी. काकांनी ती पाहिली होती. "देखणी आहे. एसी आहे. पण तिथे खालच्या मजल्यावर उतरलो तर कोण भेटणार?" उद्घाटनानंतर बराच काळ तेथील असंख्य कार्यालयांना कुलपेच होती, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहे. तेव्हा मी ते मंदीच्या खात्यावर लिहिले होते. मंदी होतीच, प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी भाव पाडले होते. पण काकांची अडचण वेगळी होती, आणि ती वास्तुविशारदाच्या नकाशात दाखवता येण्यासारखी नव्हती.

येथे मला बनारसीदासांची आठवण झाली. आपल्यापैकी अनेकांना ते 'समयसार नाटका'चे कर्ते म्हणून माहीत आहेत. १६४१ साली त्यांनी 'अर्धकथानक' या नावाने स्वतःचे चरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून पंचावन्नाव्या वर्षी ते अर्धे झाले, म्हणून हे नाव. तरुणपणी ते माल घेऊन एकटेच आग्र्याला गेले, धंद्यात बुडाले, खिशात काही उरले नाही. तेव्हा ते संध्याकाळी घरी बसून 'मधुमालती' आणि 'मृगावती' या कथा मोठ्याने वाचीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगून टाकले की माझ्याजवळ द्यायला काही नाही, यापुढे विचार करून दे. कचोरीवाला देत राहिला, आणि बनारसीदास कित्येक महिने त्या उधारीवर जेवले. पुढे हिशेब चुकताही केला. मी हा प्रसंग पूर्वी वाचला तेव्हा कचोरीवाल्याच्या उदारपणाचे कौतुक वाटले होते. आता त्याच्या आधीची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: बुडालेल्या माणसाने संध्याकाळी दार उघडे ठेवले होते.

चारच्या सुमारास आम्ही मैत्रिणीकडे गेलो. कतारगाममधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मध्यम आकाराची खोली, पाच टेबले, पाच संगणक. एक तीच मैत्रीण, दुसरी एक विवाहित मुलगी, दोन काठियावाडी तरुण आणि एक लिंबायतचा मुलगा, ज्याने आम्हाला पाहताच अस्सल खानदेशी हेल काढून "या काका, बसा" म्हटले. त्याचे वडील अमळनेरहून साडीच्या मिलमध्ये कामाला आलेले. पाचही जण दागिन्यांचे आराखडे करणारे. प्रत्येकाचे ग्राहक वेगळे, बिले वेगळी, उत्पन्न वेगळे. सामाईक काय, तर भाडे, वीज, इन्व्हर्टर, पाण्याचा जार आणि चहा.

आणि एक वही. साधी, दोनशे पानी, शाळेच्या मुलांची असते तशी. तीत ग्राहकांची नावे, किती दिवसांनी पैसे देतो, किती वेळा फुकट बदल करून मागतो, पहिल्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ देतो की नाही. माझ्या लेकीने त्या व्यापाऱ्याचे नाव घेतले तेव्हा विवाहित मुलीने न बोलता वही उघडून पुढे केली. तो तिथे होता. दोघांचे बुडवलेले होते, एकाचे अर्धे.

मी लेकीकडे पाहत होतो. मला वाटले होते तिला राग येईल. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती हसू लागली. "मला वाटत होते माझ्याच कामात काही चुकले," ती म्हणाली. "तीन महिने मी त्या फाइली पुन्हा पुन्हा उघडून बघतेय."

तेवढ्यापुरता मीही उपयोगी पडलो. त्यांना मी उद्यम नोंदणीविषयी सांगितले, कारण पाचांपैकी एकाचीच होती. वाचकांतही अनेकांच्या घरी असे काम करणारी मुले-सुना असतील, म्हणून येथेही लिहितो. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी घरबसल्या आणि विनाशुल्क होते; केवळ कारखानदारच नव्हे, सेवा देणाराही ती करू शकतो. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल २००६ च्या कायद्याप्रमाणे पंधरा दिवसांत, आणि लेखी करार असल्यास कराराच्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ, व्याज. शिवाय एप्रिल २०२४ पासून असे मुदतीत न दिलेले बिल घेणाऱ्याला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही. काम देण्याआधी नोंदणी असावी, आणि बिलावर तिचा क्रमांक छापावा.

त्यांनी हे सर्व लिहून घेतले. मग काठियावाडी तरुणांपैकी एक नम्रपणे म्हणाला, "काका, कायदा बरोबर आहे. पण तक्रार केली की गिऱ्हाईक गेले, आणि त्याचे चार मित्रही गेले. म्हणून आम्ही आधी वही बघतो, मग फोन करतो, मग तुमचा कायदा." मला या क्रमात चूक काढता आली नाही.

त्यांचे नियमही ऐकण्यासारखे होते. ठरलेल्या किमतीखाली कोणी काम घ्यायचे नाही. कोणी आजारी पडले तर त्याची फाइल दुसऱ्याने पुरी करायची आणि पैसे ज्याचे त्याला. चार वाजता सर्वांनी पडदे बंद करून चहा घ्यायचा. शेवटचा नियम मोडणाऱ्याला दंड होता, बिस्किटांचा. विवाहित मुलगी म्हणाली, "सासूबाई आधी म्हणायच्या, घरी बसून होतेच की. आता सकाळी डबा घेऊन निघते. काम तेच आहे, पण आता त्यांनाही ते काम वाटते."

त्या व्यापाऱ्याचे काय झाले ते सांगतो. संध्याकाळी आम्ही काकांना फोन केला. त्यांनी नाव ऐकून "हं" म्हटले आणि ठेवून दिला. चार दिवसांनी जळगावला त्या व्यापाऱ्याचा स्वतःहून फोन आला; अडचण होती, हप्त्यांनी देतो म्हणाला. हे लिहीपर्यंत दोन हप्ते आले आहेत. उरलेले येतील की नाही ते पाहायचे. काकांनी कोणाला काय सांगितले ते त्यांनी कळवले नाही. दलालीचा प्रश्न आम्ही काढला तेव्हा ते रागावले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने परतलो. व्यारा, सोनगड गेले, नवापूर आले. तो बाक आता गाडीच्या दुसऱ्या बाजूला होता. तिने मान वर करूनही पाहिले नाही. ती कोणाला तरी लांबलचक निरोप लिहीत होती. नंदुरबार सुटल्यावर म्हणाली, "पप्पा, काकांची पेढी अजून बंदच आहे ना?"

माझ्या थोरल्या बंधूंची धान्याची पेढी. ते गेल्यापासून पाच वर्षे कुलूप आहे. आत गादी, तक्के, लोखंडी तिजोरी आणि दिवाळीला पूजलेल्या वह्यांचे ढीग. वर्षातून एकदा वहिनी झाडून घेतात. विकायची म्हटले की कोणीतरी रडते, आणि उघडायची म्हटले की कोणाकडे वेळ नसतो.

"शाळेतली एक मैत्रीण घरून हिशेब लिहिते," लेक म्हणाली. "एक मुलगा भाषांतरे करतो. सराफ बाजारात माझ्यासारखेच काम करणारी दोघे आहेत, हे मला सुरतेत कळले. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर! पण काकू आणि तुम्ही भाडे घेणार असाल तरच. फुकट नको."

मी म्हटले, वहिनींना विचारू. तिने कागद मागितला. पिशवीत कोरा कागद नव्हता. होता तो काढून दिला. तिने पुढची बाजू सावकाश वाचली. माझे अक्षर तिला चांगले ओळखता येते. ती काही बोलली नाही. कागद उलटा करून मांडीवरच्या पुस्तकावर ठेवला आणि लिहू लागली: भाडे, वीज, इन्व्हर्टर, पाणी, चहा. चहापुढे तिने जी रक्कम मांडली ती मला कमी वाटली. मी ती वाढवायला सांगितली.